क्रॉल एरर दुरुस्त करायला बसण्याआधी काय काय हाताशी हवं

गूगलचा बॉट (गूगलबॉट) साइटची पानं वाचत फिरतो, त्याला पान उघडता आलं नाही की तो क्रॉल एरर. सर्च कन्सोलमध्ये (साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं टूल) ४०४ चा, म्हणजे ‘पान सापडलं नाही’चा आकडा वाढलेला दिसला की बरेच जण रिडायरेक्टचं (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर आपोआप नेणारं) प्लगइन टाकून सगळ्या तुटक्या लिंका होमपेजवर वळवतात आणि मोकळे होतात. कृपा करून तसं करू नका, गूगल त्यांना सॉफ्ट ४०४ (उघडतं, पण खरं पान नाहीच) धरतं, म्हणजे काम दोनदा. आधी तयारी करा.

सर्च कन्सोलचा ॲक्सेस घ्या, शक्यतो डोमेन प्रॉपर्टीचा (म्हणजे डोमेनचे सगळे पत्ते एकत्र धरणाऱ्या नोंदीचा), कारण डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाली वेगळी नि बिनडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची वेगळी असेल तर अर्धे एरर दिसतच नाहीत. पेज इंडेक्सिंग रिपोर्टमधून (गूगलने कुठली पानं घेतली नाहीत नि का, ते तिथे दिसतं) यादी एक्सपोर्ट करा, एका कारणाखाली १००० च्या वर यूआरएल मिळत नाहीत, म्हणून मोठी साइट असेल तर होस्टिंगवाल्याकडून ॲक्सेस लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी आलं त्याची सर्व्हरवरची नोंद, पण मागवून ठेवा (लॉगमध्ये गूगलबॉट लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, ते नाव कुणीही लावतं, आयपी पत्ता खरंच गूगलचा आहे का ते रिव्हर्स डीएनएस करून बघा). आणि एखादा क्रॉलर (साइटच्या सगळ्या लिंका फिरून तपासणारं सॉफ्टवेअर) लागेलच, स्क्रीमिंग फ्रॉग फ्रीमध्ये ५०० यूआरएलपर्यंत चालतो, छोट्या साइटला तेवढं पुरतं.

आता खरं काम, यादीतली प्रत्येक लिंक येते कुठून ते शोधणं. आपल्याच मेनूत, फूटरमध्ये किंवा जुन्या लेखात चुकीची लिंक असेल तर तिथेच जाऊन बदला, रिडायरेक्ट हा त्यावरचा उपाय नाही. एकाच टेम्प्लेटमधली (अनेक पानांच्या सामाईक साच्यातली) एक चूक हजारो एरर काढते, विशेषतः रिलेटिव्ह (डोमेन न लिहिता दिलेल्या) लिंकच्या सुरुवातीचा स्लॅश राहिला की पत्ता प्रत्येक पानावर लांबतच जातो, त्यामुळे आकडा बघून घाबरण्याआधी पॅटर्न बघा. लिंक बाहेरच्या साइटवरून येत असेल आणि पान फक्त हलवलेलं असेल तर ३०१ (कायमचा रिडायरेक्ट), तेही थेट शेवटच्या पत्त्यावर, गूगलबॉट १० उड्यांपर्यंत रिडायरेक्टच्या मागोमाग जातो पण साखळी कशाला करायची. पान कायमचं गेलंय आणि त्याच्यासारखं दुसरं नाहीच, तर ४०४ किंवा ४१० (‘पान कायमचं काढलंय’) राहू द्या, त्याने बाकी साइटच्या रँकिंगला काही होत नाही. ५०० वाले एरर मात्र वेगळे काढून आधी घ्या, तो सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे आणि ते वाढले की गूगल क्रॉलिंगच कमी करतं.

साइटमॅपमधून (गूगलला दिलेली पानांची यादी) मेलेले पत्ते काढा. रोबोट्स फाइलही (बॉटने कुठे जायचं नाही ते सांगणारी) एकदा वाचा, जुना पत्ता तिथे ब्लॉक असेल तर तुमचा रिडायरेक्ट बॉटला दिसणारच नाही. काही बदलायच्या आधी कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलचा बॅकअप, हे सांगायला नको, तरी सांगतोय.

सगळं झालं की सर्च कन्सोलमधलं व्हॅलिडेट फिक्स (दुरुस्ती तपासा, असं गूगलला सांगणारं बटण) दाबा आणि रोज रोज उघडून बघू नका, साधारण दोन आठवडे जातात, कधी त्याहून बरंच जास्त. रिडायरेक्ट निदान वर्षभर तरी काढू नका.