पृथ्वी थिएटरमध्ये कथेचे नाटक पाहायला जाताना

मुंबईत जुहूच्या जानकी कुटीर परिसरातले पृथ्वी थिएटर जेमतेम २०० प्रेक्षकांचे आहे. शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी ते १९७८ साली सुरू केले आणि तिथला पहिला प्रयोग गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या मराठी नाटकाच्या हिंदी अवताराचा होता. साहित्यकृतींवरचे प्रयोग पाहण्यासाठी हे नाट्यगृह उत्तम आहे. मात्र शिवाजी मंदिर किंवा यशवंत नाट्यमंदिर अशा मोठ्या नाट्यगृहांची सवय असलेल्या प्रेक्षकाने काही गोष्टी आधीच ध्यानात घेतलेल्या बऱ्या.

तिकीट आधी ऑनलाइन काढावे, कारण इतक्या थोड्या जागा असल्यावर खिडकीवर अवलंबून राहणे धोक्याचे असते. तिसऱ्या घंटेनंतर आत सोडत नाहीत आणि या नियमात ओळखपाळख चालत नाही. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी विलेपार्ल्याला उतरून रिक्षा करावी, आणि रविवारचा प्रयोग असेल तर रेल्वेच्या दुरुस्ती-ब्लॉकचे वेळापत्रक पाहूनच घर सोडावे. आसनक्रमांक बहुधा नसतात, त्यामुळे रांगेत लवकर उभे राहणाऱ्याला जागा निवडता येते.

जागेची निवड इथे खरोखर महत्त्वाची आहे. रंगमंचाच्या तीन बाजूंना प्रेक्षक बसतात, म्हणजे नटाची पाठ कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतेच. पुष्कळ पात्रांच्या, हालचालींनी भरलेल्या प्रयोगाला बाजूची जागाही रंगत आणते. परंतु एकच नट कथा सांगत असेल, तर समोरच्या भागातली तिसरी-चौथी रांग मी सुचवीन. अगदी पहिली रांग नटाच्या इतकी जवळ असते की प्रेक्षकालाच अवघडल्यासारखे होते. अर्थात काहींना तेच आवडते.

आता मूळ साहित्य आधी वाचावे की नाही, हा प्रश्न. कादंबरीवरचे नाटक असेल, तर मुद्दाम पुस्तक उघडून बसू नये, कारण चारशे पानांतून दोन तास निवडताना दिग्दर्शकाने बरेच गाळलेले असते आणि ताजा वाचक ते गाळलेलेच मोजत राहतो. कथेचे मात्र उलट आहे. ‘मोटली’ या नाट्यसंस्थेच्या ‘इस्मत आपा के नाम’ या प्रयोगात उर्दू लेखिका इस्मत चुगताई यांच्या कथांना संवादांचे नाटक केलेले नाही. निवेदनासह मूळ गद्यच नट बोलतो आणि बोलता बोलता कथेतले एकेक पात्र होतो. दिग्दर्शक देवेंद्र राज अंकुर यांनी १९७५ साली हिंदी कथाकार निर्मल वर्मा यांच्या तीन कथांवर ‘तीन एकांत’ सादर करून ज्या ‘कहानी का रंगमंच’ला सुरुवात केली, त्यातही कथेचा शब्द न बदलणे हाच आग्रह होता. अशा प्रयोगाला जाताना कथा आठवडाभर आधी एकदा वाचलेली असावी. घटना ठाऊक असल्या की एखादे साधे वाक्य नटाने कुठे तोडले, निवेदनातून पात्रात तो नेमका कोणत्या शब्दावर शिरला, याकडे कान देता येतो. विशेषतः चुगताईंची उर्दू मराठी माणसाला सगळी कळतेच असे नाही, आणि अर्थ शोधण्यात अडकलेल्या माणसाचे पुढचे तीन विनोद निसटतात. उर्दू लिपी येत नसल्यास देवनागरीतली आवृत्ती पुरेशी आहे.

फोन नुसता थरथरता ठेवू नये, पूर्ण बंद करावा. एवढ्याशा जागेत त्याची घरघर नटापर्यंत पोहोचते आणि फोनचा उजळलेला पडदा समोरच्या रांगांना दिसतो. मुलांना नेण्याआधी वयाची अट पाहावी.

प्रयोगानंतर आवारातल्या कॅफेत थोडे रेंगाळावे. कलाकार पुष्कळदा तिथेच येतात, आणि संहितेतला अमुक भाग का गाळला, असा नेमका प्रश्न विचारल्यास ते मनापासून बोलतात. ‘छान झालं’ एवढेच सांगायचे असेल, तर मागे उभ्या असलेल्यांना जागा करून द्यावी.