मुलांना स्काऊट-गाईडला घालताय? नाव देण्याआधी एवढं बघून घ्या

शाळा सुरू झाली की व्हॉट्सॲपवर मेसेज पडतो, स्काऊट-गाईडला नाव द्यायचं असेल तर वर्गशिक्षकांना भेटा, आणि खाली पालकांचे प्रश्न सुरू, युनिफॉर्म केवढ्याला, मार्क किती मिळतात. खरं बघायचं असतं ते ग्रुप चालवणाऱ्या सरांकडे किंवा मॅडमकडे, कारण बॅज सगळीकडे तोच असतो, ग्रुप मात्र तसा नसतो.

पहिलं, वय. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये साधारण पाच ते दहा वर्षांची मुलं कब आणि मुली बुलबुल, दहानंतर स्काऊट आणि गाईड, आणि कॉलेजच्या वयात रोव्हर-रेंजर. म्हणजे तिसरीतला मुलगा कितीही हट्ट करू दे, तो कबच होणार. शाळेत युनिट नसेल तर स्काऊट-गाईडच्या जिल्हा कार्यालयात ओपन ग्रुपची, म्हणजे शाळेबाहेर चालणाऱ्या ग्रुपची, चौकशी करा, रेल्वेचेही स्वतःचे ग्रुप असतात. एनसीसीशी गल्लत करू नका, ती संरक्षण मंत्रालयाखाली आहे, इथे थोडंफार संचलन असलं तरी लष्करी ट्रेनिंग नाही.

दुसरं, नाव देण्याआधी एक मीटिंग बघून या, सरांना विचारून कोपऱ्यात उभं राहिलं तरी चालतं. चांगल्या ग्रुपमध्ये मुलं सहा-आठच्या संघात बसलेली दिसतील, संघनायक त्यांच्यातलाच एक, आठवीतला पोरगा पाचवीतल्याला खुर्चीच्या पायाला दोरी गुंडाळून गाठ शिकवतोय, ती सुटतेय, तो परत दाखवतोय, आणि सर लांब उभे आहेत. हे दिसलं तर अर्धी काळजी मिटली. तासभर नुसतं सावधान-विश्राम चालू असेल किंवा फक्त २६ जानेवारीच्या संचलनापुरतीच मुलांना बोलवत असतील तर ते स्काऊटिंग नाही, ती कवायत झाली.

सरांना सरळ विचारा, कुठला कोर्स केलाय? बेसिक, ॲडव्हान्स आणि त्यानंतर हिमालया वुड बॅज अशी ट्रेनिंगची चढती रांग आहे, आणि वुड बॅजवाल्यांच्या गळ्यात चामड्याच्या दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी असतात. सगळ्यांकडे नसणार, ठीक आहे, पण बेसिक तरी हवाच, आणि या प्रश्नावर जे चिडतात त्यांच्याबरोबर मुलाला रात्रीच्या मुक्कामाला पाठवायचं का ते तुम्हीच ठरवा.

आता सोपान, म्हणजे स्काऊट-गाईडच्या परीक्षांच्या पायऱ्या. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार, अशी पायरी-पायरी आहे आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये ठरावीक महिने जावेच लागतात, उडी मारता येत नाही. नववीत नाव घालून दहावीच्या सवलतीच्या गुणांची आशा धरली तर गणित जमत नाही, पाचवी-सहावीत सुरुवात केलेली बरी (आणि गुणांचे नियम बदलत असतात, शाळेकडून चालू वर्षाचा जीआर मागून घ्या). नोंदणी हल्ली ऑनलाइन होते, मुलाचा बीएसजी यूआयडी (भारत स्काऊट्स आणि गाईड्सचा ओळख क्रमांक) मागून लिहून ठेवा, जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग तेव्हाच तपासा. लॉगबुक, म्हणजे केलेल्या उपक्रमांची वही, मुलालाच लिहू द्या, आईच्या सुंदर अक्षरातली लॉगबुकं परीक्षकाला लांबून ओळखू येतात.

युनिफॉर्म लगेच घेऊ नका. दीक्षाविधी, म्हणजे वचन घेऊन रीतसर सदस्य होण्याचा कार्यक्रम, होईपर्यंत स्कार्फ आणि सदस्यत्वाचा बॅज मिळत नाही, तोवर मूल टिकतंय का तेही कळतं. स्कार्फचा रंग ग्रुपप्रमाणे बदलतो त्यामुळे दुकानातून अंदाजाने आणू नका. वचनात ईश्वराचा उल्लेख आहे, कोणाला अडचण वाटत असेल तर त्या जागी धर्म हा शब्द घेता येतो, आणि सर्वधर्म प्रार्थना असते, हे घरच्या आजी-आजोबांनाही आधीच सांगून ठेवा.

खरी कमाईबद्दल जरा बोलायलाच हवं. मुलांनी स्वतः काम करून किंवा काही बनवून चार पैसे मिळवायचे अशी ही कल्पना, आणि प्रत्यक्षात काय होतं तर आई पहाटे उठून वडे तळते, बाबा स्टॉल लावतात, आजूबाजूचे नातेवाईक विकत घेतात आणि पोरगं गल्ल्यावर बसतं. लिंबू सरबत करू द्या त्याला, साखर जास्त पडली तर पडू दे, सुट्ट्या पैशांचा हिशोबही त्यालाच लिहू द्या.

कॅम्पच्या आधी संमतीपत्रावर डोळे झाकून सही करू नका. मुक्काम कुठे, नदी किंवा धरण जवळ आहे का, पाण्यात उतरवणार का, जवळचा दवाखाना किती लांब, किती मुलांमागे किती मोठी माणसं, आणि मुलींच्या कॅम्पला रात्री महिला लीडर मुक्कामी आहेत ना, हे सगळं विचारा. कुठल्याही मोठ्या माणसाने मुलाला एकट्याला खोलीत किंवा तंबूत बोलवायचं नाही, हा नियम ग्रुपमध्ये आहे का तेही विचारा, यात संकोच कसला. मुलालाही घरी सांगा, काही खटकलं तर लगेच आम्हाला किंवा दुसऱ्या मॅडमना सांग, आणि चाइल्डलाइनचा १०९८ पाठ करून घ्या. दमा, फिट, शेंगदाण्याची ॲलर्जी, रात्री अंथरूण ओलं होणं, जे असेल ते सरांना कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं गडबडीत राहून जातं. मोबाइल बहुतेक नेऊ देत नाहीत, तेव्हा सरांचा नंबर तुमच्याकडे आणि तुमचा नंबर सॅकच्या आतल्या खिशात, शिवाय टॉर्च, ताट-वाटी-मग, दोरी, आणि जुनी चप्पल, नवीन बूट चावतात.