झगा, टिपेट आणि टोपी: ओल्ड बेलीचे खटले कसे वाचावेत

लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातल्या खटल्यांचे छापील वृत्तांत १६७४ ते १९१३ या काळात निघत राहिले. एकूण जवळपास दोन लाख खटले आहेत आणि ते सगळे आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात, शब्द टाकून शोधताही येतात. अठराव्या शतकातला युरोप म्हटला की राजे, तह आणि क्रांत्या डोळ्यांसमोर येतात. पण त्या काळच्या मोलकरणीकडे अंगात घालायला काय होतं, नड पडली की ती कुठे धाव घ्यायची, हे समजायला मला या खटल्यांइतकी चांगली जागा मिळालेली नाही. मी शिवणकाम शिकवते, इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. गेली नऊ वर्षं रात्री कामं उरकली की एखादा खटला वाचते. तेवढ्यात जी रीत हाताला बसली, ती सांगते.

सुरुवात १७८० च्या दशकापासून करा. सतराव्या शतकातले वृत्तांत फार त्रोटक आहेत, चारपाच ओळींत माणूस फाशी जातो. गर्नी घराण्यातले लघुलेखक न्यायालयात बसू लागले तशी साक्षीदारांची बोली कागदावर उतरू लागली, आणि १७७८ मध्ये लंडन शहराच्या कारभाऱ्यांनी प्रत्येक खटल्याचा खरा आणि पूर्ण वृत्तांत छापायचं बंधन घातलं. प्रत्येक खटल्याच्या क्रमांकातच तारीख असते: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. मूळ छापील पानाचं चित्रही उघडून बघत जा. जुन्या छपाईतला लांब ‘एस’ अगदी ‘एफ’सारखा दिसतो. पहिले काही आठवडे मी त्याच्यापायी कितीतरी शब्द चुकीचे वाचले होते.

आता मुख्य गोष्ट. खटला गुन्ह्यासाठी वाचू नका. चोरी झाली, चोर सापडला, शिक्षा झाली, हे डोळ्यांखालून जाऊ द्या. साक्षीदार जे जाता जाता बोलून जातो तिथे थांबा. ‘मी कपडे वाळत घालत होते’, ‘मेणबत्ती विझली होती’, ‘घड्याळाचे सहा ठोके पडले होते’. ही वाक्यं बोलताना कोणी इतिहास सांगायला बसलेलं नव्हतं, म्हणून त्यांच्यावर माझा जास्त विश्वास बसतो. हान्स-योआखिम फोट या अर्थइतिहासकाराने असल्याच साक्षी गोळा करून लंडनची माणसं किती वाजता उठत, कोणत्या वारी कामावर जात, याचा हिशोब मांडला. अठराव्या शतकाच्या मध्याला कितीतरी कारागीर सोमवारी कामाला हातच लावत नसत. त्या सुट्टीला ते ‘सेंट मंडे’ म्हणत.

माझं लक्ष साहजिकच कपड्यांवर जातं. चोरीच्या मालात कपडे इतके का, हा प्रश्न मला पहिल्या महिन्यातच पडला होता. कारण कपडा म्हणजे पैसाच होता. गहाण ठेवता यायचा, रोझमेरी लेनच्या रॅग फेअरमध्ये, म्हणजे जुन्या कपड्यांच्या बाजारात, विकता यायचा. म्हणून कितीतरी खटल्यांत गहाणवट घेणारा दुकानदार साक्षीला उभा असतो. त्याची साक्ष सोडू नका. कोण आलं, कोणत्या नावाने आलं, वस्तूवर किती पैसे दिले, हे तो सांगतो.

मग मालक सांगतो की वस्तू माझीच. कशावरून? इथे मी वाचनाचा वेग मुद्दाम कमी करते. घरातल्या लिननच्या कपड्यांवर नावाची आद्याक्षरं बारीक फुलीच्या टाक्याने घालायची पद्धत होती. चादर असो, शर्ट असो, कोपऱ्यात दोन अक्षरं असायची. बाई साक्षीत म्हणते की हा माझ्या हातचा टाका आहे. चोराने तो उसवला असेल तर ती उसवल्याच्या खुणा दाखवते. ज्याने कधी टाके उसवलेत त्याला हे लगेच पटेल: दोरा निघाला तरी सुईची भोकं कापडात राहतात. शोधाच्या चौकटीत ‘मार्क’ हा शब्द घालून बघा, अशा साक्षी एकापाठोपाठ एक निघतील. ‘पॉकेट’ हा शब्दही तसाच. तेव्हा बायकांचा खिसा कपड्याला शिवलेला नसे. नाडीने कमरेला बांधायची ती वेगळी पिशवी असे, घागऱ्याच्या आत. म्हणून चोर आख्खा खिसाच कापून नेऊ शकत असे.

मालक म्हणून कोणाचं नाव लिहिलंय, तेही तपासा. गाऊन बायकोचा असला तरी आरोपपत्रात तो नवऱ्याची मालमत्ता म्हणून येतो, कारण लग्न झालेल्या बाईच्या वस्तूंवर कायद्याने नवऱ्याचा हक्क होता. हे पुढे १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी बदललं. वरचं नाव वाचून मालक पुरुष धरू नका, साक्षीत ‘तो माझा गाऊन’ असं कोण म्हणतंय ते बघा.

किमतींचं मात्र जपून. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. लंडनमधल्या साध्या मजुराला दिवसाला सुमारे दोन शिलिंग मिळत, हा आकडा डोक्यात ठेवला की बाकीचे आकडे बोलू लागतात. पण राहत्या घरातून चाळीस शिलिंग किंवा जास्त चोरलं तर फाशी होती. म्हणून निकालात ‘३९ शिलिंगांपुरता दोषी’ असं दिसतं, माल कितीही महाग असो. दुकानातून गुपचूप उचललेल्या मालाला पाच शिलिंगांची हद्द होती, तिथे ४ शिलिंग १० पेन्स दिसतात. ज्युरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या बारा माणसांनी, आरोपीला वाचवण्यासाठी लावलेली ही किंमत आहे, बाजारभाव म्हणून ती वहीत उतरवू नका. असा आकडा दिसला की मी अजूनही त्या बारा माणसांसाठी क्षणभर थांबते.

वृत्तांतातही गाळलेलं असतंच. १७९० मध्ये निर्दोष सुटलेल्यांचे खटले छापायला शहराने बंदी केली आणि ती १७९२ पर्यंत टिकली. त्या वर्षांतला ‘किती सुटले’ हा हिशोब मांडायच्या फंदात पडू नका.

आणि एक खटला पूर्ण, सावकाश वाचा: १४ जानेवारी १७८९, मेरी वेड. वय अकराच्या आसपास. सोबत चौदा वर्षांची जेन व्हाइटिंग. दोघींनी मेरी फिलिप्स नावाच्या आठ वर्षांच्या मुलीच्या अंगावरून सुती झगा, लिननचं टिपेट म्हणजे गळ्याभोवती घ्यायचं वस्त्र, आणि लिननची टोपी काढून घेतली. झगा गहाणवटीच्या दुकानात गेला. टिपेट मेरीच्या खोलीत सापडलं. इथे ज्युरीला किंमत उतरवून उपयोग नव्हता, कारण अंगावरून जबरदस्तीने काढून घेणं म्हणजे दरोडा, आणि दरोड्याला रकमेची हद्दच नव्हती. शिक्षा फाशीची झाली. आठ वर्षांच्या मुलीच्या अंगातला झगा दुकानदार घेतो, पैसे देतो, हे वाचताना गुन्ह्यापेक्षा त्या गल्लीतला व्यवहार जास्त दिसतो. सगळे कपडे वहीत लिहा, प्रत्येकापुढे तो कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला ते लिहा.

खटला संपला तरी नावाचा माग सोडू नका. त्या मार्चमध्ये राजा तिसरा जॉर्ज आजारातून बरा झाल्याचं जाहीर झालं आणि फाशीची वाट बघणाऱ्या बायकांची शिक्षा हद्दपारीवर आली. मेरी न्यूगेटच्या तुरुंगातून ‘लेडी जुलियाना’ या जहाजावर चढली आणि जून १७९० मध्ये सिडनीला उतरली. तिथून पुढे तिचं नाव ऑस्ट्रेलियाच्या नोंदींत शोधायचं, थेट १८५९ पर्यंत.