घरातले वृद्ध वाळत चाललेत का? असं ओळखा, असं सावरा

"वय झालं, आता अंग उतरणारच," असं म्हणून आपण आईवडिलांचं वाळणं सोडून देतो. वयानं स्नायू थोडे झिजतात हे खरं. पण ५० किलोचा माणूस काही कारण नसताना सहा महिन्यांत साडेसत्तेचाळीसवर आला, म्हणजे ५ टक्के उतरला, तर त्याला वय म्हणू नका.

आधी मोजा. महिन्यातून एकदा आरोग्य उपकेंद्रात वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवा. काटा नसेल तर शिंप्याचा टेप पुरतो. खुर्चीवर बसवून पाय जमिनीला टेकवायचे आणि पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजायचा. माप ३१ सेंटीमीटरपेक्षा कमी आलं, तर पोषण कमी पडत असण्याची शक्यता धरा. पायावर सूज असेल तर मात्र हे माप फसवतं. बांगड्या कोपरापर्यंत सरकणं, कवळी सैल होणं, उठताना हाताचा आधार लागणं याही खुणाच.

मग जेवताना शेजारी बसा. "जेवलो" या उत्तरावर जाऊ नका. दात नसले की कडक भाकरी बाजूला राहते, भाजीतला रस्सा तेवढा संपतो. वरण वरचं वर वाढलं तर ताटात पिवळं पाणी येतं आणि डाळ भांड्याच्या तळाशीच राहते. सकाळ-संध्याकाळ चहा-टोस्टवर भूक मरते. त्यात एकादशी, चतुर्थी, गुरुवार असे उपवास. श्रद्धेला धक्का न लावता दूध, दही, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी त्या दिवशी आठवणीनं द्या.

ताट बदला, खर्च फार नाही. वृद्धांना दर किलो वजनामागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. एक अंडं ६ ग्रॅम, पेलाभर दूध तेवढंच, मूठभर शेंगदाणे ७ ग्रॅम. दाणे चावत नसतील तर कूट करा. गरम भाकरी दुधात किंवा घट्ट वरणात कुस्करून दहा मिनिटं झाकून ठेवा, वरून कूट आणि चमचाभर तूप घाला. ज्वारीच्या कण्या, पातळ पिठलं, हुलग्याचं माडगं हेही सहज उतरतं. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान जेवणं द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

ऊसतोडीला जाण्याआधी सोय लावा. दिवाळीच्या सुमाराला बीडकडची जोडपी कारखान्यावर जातात आणि म्हातारी माणसं नातवंडांसह गावात मागे राहतात. मला सगळ्यात जास्त काळजी याच घरांची वाटते, कारण आजी लेकरांना वाढून उरलं तर खाते. डाळ, शेंगदाणे, गूळ भरून ठेवा, शेजारच्या एका घराला जेवणाकडे लक्ष ठेवायला सांगा आणि आशाताईंच्या कानावर घाला. फोनवर "बरी आहेस का?" एवढंच विचारू नका. "आज काय खाल्लं?" हेही विचारा.

डॉक्टरांकडे कधी न्यायचं? वजन उतरतंय, गिळताना ठसका लागतो, अन्नावरची वासना उडाली, मन उदास राहतं, असं काही दिसलं की प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर ब-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं. पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल तर एकदम भरपेट जेवू घालू नका, तेही धोक्याचं असतं. आधी डॉक्टरांना दाखवा.