विनोदी मालिकांतून बदललेलं घर कसं शोधायचं

अकरावीच्या समाजशास्त्राच्या वर्गाला मी दरवर्षी एक प्रकल्प देते. वेगवेगळ्या दशकांतल्या दोन विनोदी मालिका बघायच्या आणि मधल्या काळात घर कसं बदललं ते दाखवायचं. मुलं खूश होतात. मग पहिला मसुदा येतो आणि त्यात हमखास ‘पूर्वी लोक साधे होते, आता धावपळ वाढली’ हे वाक्य असतं. एकही भाग न बघता ते लिहिता येतं. भाग बघितल्यावरच जे लिहिता येईल, ते कसं मिळवायचं याची माझी रीत खाली देते. घरबसल्या कुणालाही ती वापरता येईल. बऱ्याच जुन्या मालिकांचे भाग यूट्यूबवर सापडतात.

आधी एकच प्रश्न ठरवा आणि तोच धरून सगळ्या मालिका बघा. पैसे कोण आणतं, कोण कुणाला उलट बोलू शकतं, शेजारी न विचारता आत येतात का, यातला कुठलाही चालेल. सुरुवातीला मी ‘या घरात कोण कोण राहतं?’ हा घ्यायला सांगते, कारण त्याचं उत्तर पहिल्या दहा मिनिटांत मिळतं आणि त्यावर वाद होत नाही.

तोच प्रश्न घेऊन पुढे चला. १९८४ ची दूरदर्शनवरची ‘ये जो है जिंदगी’ बघा. रणजित, त्याची बायको रेणू आणि रेणूचा भाऊ राजा. सासू-सासरे घरात नाहीत आणि मुक्कामाला आहे तो बायकोच्या माहेरचा माणूस. हे कुणाला फारसं खटकत नाही, एवढंच वहीत लिहा. १९९५ च्या ‘हम पांच’मध्ये आई-बाप आणि पाच मुली. २००१ साली अल्फा मराठीवर आलेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्ये आबा, शेखर आणि श्यामला, शिऱ्या आणि शलाका, म्हणजे पुन्हा तीन पिढ्या एका छपराखाली. २०१५ च्या ‘दिल दोस्ती दुनियादारी’त सहा तरुण मुलंमुली एका फ्लॅटमध्ये राहतात आणि त्यांच्यात कुणी कुणाचं नातेवाईक नाही. टिपऱ्यांच्या घरातली श्यामला शुभांगी गोखल्यांनी केली होती. ‘दिल दोस्ती’तली रेश्मा त्यांच्याच मुलीनं, सखी गोखलेनं केली. पडद्यावर आई तीन पिढ्यांच्या घरात, आणि चौदा वर्षांनी मुलगी मित्रमैत्रिणींच्या घरात.

यातून एक गोष्ट लगेच दिसते. ‘एकत्र कुटुंब तुटलं आणि विभक्त झालं’ ही पाठ्यपुस्तकी रेघ सरळ जात नाही. १९८४ चं जोडपं सासू-सासऱ्यांवाचून राहतं आणि २००१ चा शेखर वडिलांबरोबर. मुंबईतल्या जागेच्या किमती, नोकरीचं ठिकाण, म्हाताऱ्यांची काळजी, सगळ्यांचा हात त्यात असतो. मालिकेत हे कुणी समजावून सांगत नाही. तुम्हीच विचारायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम: विनोद नेमका कुठे घडतो ते पकडा. हसू आलं की व्हिडिओ थांबवा आणि लिहा, कोण हसवतंय, कुणावर हसायचंय आणि त्या घरातला कुठला नियम मोडल्यामुळे हसू आलं. माझं ठाम मत आहे की जुना नियम पुरता गेलेला नसतो आणि नवा पुरता बसलेला नसतो, तिथेच हा विनोद पिकतो. सासू-सुनेचं भांडण ‘तू तू मैं मैं’मध्ये चाललं, कारण सून आता उलट उत्तर देऊ शकत होती आणि तरी घर एकच होतं. या दोन्हींपैकी एक गोष्ट नसती तर मालिकाच झाली नसती.

‘हम पांच’ची दिवाणखान्याची भिंत मी वर्गात थांबवून दाखवते. तिथे आनंद माथुरच्या, म्हणजे अशोक सराफांच्या, दिवंगत पहिल्या बायकोची तसबीर आहे आणि प्रिया तेंडुलकर त्या चौकटीतून नवऱ्याशी बोलते. दुसरी बायको घरात वावरते, पहिली भिंतीवरून सुनावते, आणि भोवती पाच मुली. या मालिकेच्या आधी, १९८८ साली, महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाच्या गैरवापराला आळा घालणारा कायदा केला होता. केंद्राचा कायदा १९९४ चा. त्या काळात पाच मुलींचा बाप हा विनोदी मालिकेचा नायक होतो, यावर माझ्या वर्गात तास संपला तरी चर्चा संपत नाही. मुलींपैकी मीनाक्षी स्त्रीमुक्तीच्या गोष्टी करते आणि बऱ्याचदा त्यावरच हसवलं जातं. राधिकाला कमी ऐकू येतं, त्यावरही. आजची मुलं तिथे हसत नाहीत. तो क्षण अवश्य नोंदवा: तेव्हा हसू आलं, आता येत नाही. प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं पान तेच होतं.

एक भाग आवाज बंद करूनही बघा. संवाद नसले की हात दिसायला लागतात: ट्रे कुणाच्या हातात आहे, बेल वाजली की कोण उठतं, पाहुणे आले की कोण आत जातं. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’मधलं भिड्यांचं घर यासाठी फार चांगलं आहे. आत्माराम भिडे घरात शिकवण्या घेतात आणि माधवी त्याच घरातून लोणची-पापडाचा व्यवसाय करते. म्हणजे दोघं कमावतात आणि दोघांची कामाची जागा घरच आहे. तिच्या कामाला मालिका ‘व्यवसाय’ म्हणून किती वेळ देते आणि स्वयंपाकघराचा भाग म्हणून किती, हे घड्याळ लावून बघा.

तारखांची काळजी घ्या. मालिका दाखवली गेली ते वर्ष आणि मूळ गोष्ट लिहिली गेली तो काळ एक असेलच असं नाही. मुंबई दूरदर्शनवरच्या ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’मध्ये दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे दिसतात १९७० च्या दशकातले, पण माणसं चि. वि. जोशींची, स्वातंत्र्याच्या आधीची. ‘तारक मेहता’ २००८ साली सुरू झाली, तिच्यामागचं गुजराती सदर ‘चित्रलेखा’त १९७१ पासून येत होतं. वहीत दोन रकाने करा आणि दोन्ही वर्षं लिहा. ‘वागळे की दुनिया’ला तर तिसराही लागेल: १९८८ मध्ये अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर मध्यमवयीन नवरा-बायको होते, २०२१ च्या नव्या मालिकेत तेच दोघं आजी-आजोबा झाले. तुलनेसाठी यापेक्षा सोयीची जोडी मला सापडलेली नाही. नवख्यानं इथूनच सुरुवात करावी.

प्रायोजकही बघा. ‘ये जो है जिंदगी’ म्हटलं की आमच्या पिढीला विको आठवतं. जाहिरात कुणाला उद्देशून आहे, त्यावरून घरात खरेदी कोण ठरवतं याचा अंदाज येतो.

कोण दिसत नाही, हे शेवटी नाही तर बघतानाच लिहायचं. वागळे, टिपरे, भिडे: आडनावं वाचा. बहुतेक घरं शहरी, मध्यमवर्गीय, पगारदार. गाव नाही, गिरणी कामगाराची खोली नाही, दलित किंवा मुस्लिम घर मध्यभागी जवळपास नाहीच. धुणंभांडी करणारी बाई आली तर तिला घर असतं का? ‘समाज बदलला’ असं लिहिण्याआधी ‘या समाजातला कुठला थर’ हे लिहा. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या आज्यांचं घर या कुठल्याच मालिकेत नाही, आणि ते त्यांनी स्वतः लिहावं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून प्रकल्पाचा शेवटचा भाग घरात करायचा. आजी, काकू, शेजारच्या मावशी, कुणालाही एक भाग दाखवा आणि विचारा: ही मालिका तुम्ही कुणाच्या घरी बसून बघितलीत? तुमच्याकडे असं झालं असतं का? तुम्ही कशावर हसलात? त्यांना मध्ये तोडू नका. उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा, शेजारी त्यांचं वय आणि ते तेव्हा कुठे राहत होते ते गाव लिहा, आणि मगच तुमचा निष्कर्ष लिहायला घ्या.