परदेशी सेवेचे पहिले महिने

मिशनरी म्हणून नव्या देशात पोचलात की लगेच कामाला लागावंसं वाटतं. तसं करू नका. सुरुवातीचा काळ भाषेला आणि शेजाऱ्यांना द्या. रोज एकाच दुकानात, साधारण एकाच वेळी जा. तिथल्या माणसाशी चार वाक्यं बोला, चुकलेलं वाक्य त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्या आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा वापरा. नुसतं घोकून जे जमत नाही, ते असं जिभेवर बसतं. स्थानिक मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, उपासनेला जा, पण उपदेश करायची घाई नको.

नवलाई ओसरली की चिडचिड सुरू होते. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० साली ‘कल्चर शॉक’चे, म्हणजे परक्या संस्कृतीत गेल्यावर बसणाऱ्या मानसिक धक्क्याचे, टप्पे मांडले, त्यात ती आहेच, आपल्याच देशाच्या लोकांत बसून इथल्या माणसांना नावं ठेवणं हे तिचं ठळक लक्षण. देवावरचा विश्वास कमी पडला असं समजून स्वतःला दोष देऊ नका. झोप सांभाळा, आठवड्याची सुट्टी मोडू नका. आणि जोडीदार मुलांमुळे घरात अडकत असेल, तर त्याच्या भाषेच्या तासाची वेळ सगळ्यात आधी ठरवा. हे हमखास राहून जातं.