कायद्याचा रियाज: पाऊण तासात नेमकं काय वाजवायचं

तबल्याचा घरचा रियाज बहुधा असा चालतो: कायदा (ठरलेल्या बोलांची रचना, जिचा विस्तार करतात) सुरुवातीपासून धरायचा, तिसऱ्या-चौथ्या पलट्यात (त्याच बोलांच्या फेरमांडणीत) हात अडखळला की थांबायचं आणि पुन्हा सुरुवातीपासून वाजवायचं. म्हणजे जे येतं ते तासाभरात कितीदा तरी वाजतं आणि जिथे अडतं तिथे हात जेमतेम पोचतो. मग 'रोज तासभर बसतो, तरी लय वाढत नाही' ही तक्रार सुरू होते. बैठक लांबवण्याआधी तिच्यातला वेळ कुठे जातो ते पाहायला हवं. रोजचा पाऊण तास पुरतो, पण त्यात एकच दोष हाती घ्यायचा.

उदाहरणासाठी दिल्ली घराण्याचा हा सर्वांच्या परिचयाचा कायदा घेऊ:

धाधा तिट धाधा तिंना
ताता तिट धाधा धिंना

एकूण सोळा अक्षरं. तीनतालात (सोळा मात्रांचा ताल) बराबरीला, म्हणजे मात्रेला एक अक्षर धरून, एका आवर्तनात (तालाच्या एका पूर्ण फेरीत) एकदा, दुगुणीत दोनदा, चौगुणीत चारदा बसतो.

तबल्याला हात लावण्याआधी पाच मिनिटं पढंत करा, म्हणजे बोल तोंडाने म्हणा. हाताने टाळी-खाली दाखवत (टाळ्या १, ५ आणि १३ व्या मात्रेवर, खाली, म्हणजे टाळी न देता हात बाजूला करणं, ९ व्या मात्रेवर) कायदा आणि आज वाजवायचे पलटे म्हणा. ज्या लयीला जीभ अडखळते, त्या लयीत हात साफ चालणार नाही. पढंत करताना चूक लगेच कानावर येते, वाजवताना ती आवाजात दडून जाते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेत हातावर ताल धरून बोल म्हणावे लागतातच, त्यामुळे ही पाच मिनिटं दोन्हीकडे कामी येतात. लोकलमध्ये मांडीवर टाळी देत मनातल्या मनात केलेली पढंतही चालते.

पुढची पाच मिनिटं फक्त आवाजाची. तबला सुरात आहे ना, चाटेवर (पुडीच्या, म्हणजे वरच्या चामड्याच्या, कडेच्या पट्टीवर) 'ना' सगळीकडे सारखा लागतो ना, ते बघा. किरकोळ फरक असेल तर गजऱ्यावर (पुडीभोवतीच्या वेणीवर) हातोडी, जास्त असेल तर गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे). वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. समोरासमोरची घरं (गजऱ्यावरच्या वाद्यांमधल्या जागा) जोडीने मिळवत गेलात तर काम लवकर होतं. बेसूर तबल्यावर रियाज केला तर 'ना' नीट लागला की नाही, हे कानाला कळेनासं होतं. मग आस (घुमत राहणारा नाद) कमी पडते म्हणून हात जोर लावायला लागतो आणि ती सवय नंतर सुटता सुटत नाही.

आता मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि दुगुणीत कायदा वाजवा, म्हणजे एका ठोक्याला दोन अक्षरं. सलग पाच आवर्तनं साफ आली की ४ ने वाढवा: ६४, ६८, ७२. कुठेतरी तो फुटेल. समजा ८८ ला फुटला, तर तो आकडा वहीत लिहा. आजचा खरा रियाज त्याच्या १२ ते १६ खाली, म्हणजे ७२ ते ७६ च्या आसपास करायचा. ८८ वर रेटत राहिलात तर हात चुकीची हालचालच पक्की करतो.

यापुढची पंधरा-वीस मिनिटं सगळ्यात मोलाची. कायदा फुटला म्हणजे नेमका कुठे फुटला, ते शोधा. या कायद्यात तो बहुतेक वेळा 'ट' वरून 'धा' वर जाताना फुटतो, आणि त्याला कारण आहे. दिल्लीच्या पद्धतीत 'ति' मधल्या बोटाने आणि 'ट' तर्जनीने, दोन्ही शाईवर (मधल्या काळ्या गोलावर). त्यानंतरच्या 'धा' साठी तीच तर्जनी शाईवरून उचलून चाटेवर न्यावी लागते, आणि लगेच दुसरा 'धा' ही तिनेच वाजवायचा. एकाच बोटाला सलग तीन कामं. म्हणून लय वाढली की 'ट' गिळला जातो किंवा 'धा' उशिरा पडतो. (तुमच्या गुरुजींनी 'ति' तीन बोटांनी शिकवला असेल तर तोच ठेवा, तर्जनीची अडचण तिथेही हीच आहे.)

यावर उपाय म्हणजे तेवढाच तुकडा बाहेर काढणं. आधी 'तिटधा तिटधा' एका ठोक्याला तीन अक्षरं, मेट्रोनोम ५० वर, दोन मिनिटं. मग 'तिटधाधा' एका ठोक्याला चार, पुन्हा ५० वर. बोट शाईवरून फार उंच उचलू नका. चाटेपर्यंत पोचायला अर्धा-पाऊण इंच पुरतो. अनामिका शाईच्या कडेला टेकलेली राहू द्या, ती उचलली की 'ना' ची आस बिघडते. त्यानंतर तुकड्याला मागचं-पुढचं एकेक अक्षर जोडत जा: 'धातिटधाधा', मग 'धाधातिटधाधा'. जोडताना पुन्हा फुटला तर एक पायरी मागे या, पार सुरुवातीला जाऊ नका.

दुसरा नेहमीचा दोष 'धा' चा. डावा आणि उजवा हात एकाच क्षणी पडत नाहीत आणि 'धा' फाटतो, 'घेना' असा ऐकू येतो. वाजवताना हे सहसा कळत नाही. फोन तीन-चार फुटांवर ठेवून एक मिनिट नुसता 'धा धा धा धा' रेकॉर्ड करा आणि लगेच ऐका. डावा हात मागे पडत असेल तर बहुधा मनगट डग्ग्यावर (डाव्या हाताने वाजवायच्या भांड्यावर) जास्त दाबलेलं असतं. दाब कमी करा, बोटं मोकळी होतात.

तिसरा दोष खालीचा, म्हणजे डग्गा बंद ठेवून वाजवायच्या भागाचा. पहिल्या ओळीच्या शेवटी 'तिंना' आहे आणि दुसरीच्या शेवटी 'धिंना', पण सवयीने दोन्हीकडे 'धिंना' वाजतं. डग्गा 'तिंना' पासूनच बंद हवा आणि दुसऱ्या ओळीच्या 'धाधा' ला परत यायला हवा. तो मध्येच घुमला तर खाली-भरी पुसली जाते आणि कायद्याचं रूपच हरवतं. हे सुधारायला थोडा वेळ फक्त डावा हात वाजवा आणि उजव्याचे बोल तोंडाने म्हणा. कंटाळवाणं आहे, पण एवढं खात्रीचं दुसरं काही नाही.

पलटे दिवसाला दोनच. त्यातला एक, उदाहरणादाखल:

धाधातिट धाधातिट धाधातिट धाधातिंना
ताताति‍ट ताताति‍ट धाधातिट धाधाधिंना

मूळ कायदा आणि त्या दिवशीचे दोन पलटे आलटून पालटून वाजवा. एकच पलटा सलग दहा मिनिटं वाजवला की हात आपोआप चालतो आणि लक्ष भरकटतं. मध्ये मूळ कायद्यावर यावं लागलं की दर वेळी डोकं जागं राहतं. सुरुवातीला हे जड जातं, चुकाही जास्त होतात, तरी दुसऱ्या दिवशी टिकतं ते असंच वाजवलेलं.

शेवटची सात-आठ मिनिटं मेट्रोनोम बंद करून लेहऱ्यावर (आवर्तनाइतक्या, फिरून फिरून वाजणाऱ्या धुनेवर) वाजवा. मेट्रोनोमवर अक्षरांतलं अंतर सारखं होतं, पण सम (आवर्तनाची पहिली मात्रा) कुठे आली ते लेहराच शिकवतो. कायदा, दोन पलटे, तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा), समेवर थांबणं. इथे चूक झाली तरी हात थांबवू नका, ठेका (तालाचे मूळ बोल) धरा आणि पुढच्या समेला पुन्हा उठा. मैफिलीत किंवा साथीला बसल्यावर हेच करावं लागतं. लय स्वतःची किती टिकते हे बघायचं असेल तर आठवड्यातून एकदा मेट्रोनोम निम्म्यावर आणा, ८० ऐवजी ४०. मधली मात्रा तुमची तुम्हाला सांभाळावी लागते आणि हात पळतोय की रेंगाळतोय ते लगेच उघडं पडतं.

वहीत तीनच गोष्टी लिहा: कायदा फुटला तो आकडा, कोणत्या अक्षरावर फुटला, उद्या कुठून सुरू करायचं. पंधरवड्यात आकडा हलला नाही तर अक्षर चुकीचं शोधलेलं असतं. तेव्हा रेकॉर्डिंग घेऊन गुरुजींकडे जा.

दंडातले किंवा पुढच्या हातातले स्नायू थकणं साहजिक आहे. बोटांच्या सांध्यात कळ किंवा मुंग्या आल्या तर मात्र त्या दिवशी पढंतच करा. खांदे वर चढलेत का, हेही मधूनमधून पाहा, लय वाढली की ते न कळत चढतात.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात हवा दमट असते, पुडी सैल पडते आणि सूर उतरतो. रोज गठ्ठे ठोकत बसण्याऐवजी तबला जाड आवरणात, जमिनीपासून वर ठेवा. अमेरिकेत किंवा युरोपात हिवाळ्यात उलटं होतं: हीटरच्या कोरड्या हवेने पुडी आवळते, सूर चढतो आणि ताणलेली पुडी फाटायची भीती असते, म्हणून तबला हीटरपासून लांब हवा. घामासाठी पावडर बोटांना चिमूटभर लावा आणि झटका. शाईवर तिचा थर साचू देऊ नका, आणि बैठक संपली की कोरड्या फडक्याने पुडी पुसून मगच झाकून ठेवा.